मंगेशच्या वाट्याची पदयात्रा

"जीबीएस आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मंगेश कॉटवर आडवा होता, गळ्यात अजून प्रचाराचं उपरणं. मी विचारलं, "मॅडम, पायांवरचं आहे का जिवावरचं?" त्या म्हणाल्या, "पायांपासून सुरू झालंय. छातीपर्यंत चढू शकतं, म्हणून लगेच ॲडमिट करा."

जीबीएस म्हणजे गुलियन बॅरे सिंड्रोम. रोगाशी लढणारी आपल्या अंगातली ताकद चुकून आपल्याच नसांवर उलटते. मला हे तीनदा विचारून समजलं. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस, परभणीकडचा. चाकणला एका कंपनीत वेल्डिंग करतो. मंगेश मात्र इथला, दापोडीचाच. नऊ वर्षं आम्ही एका घरात राहतो, त्याच्या आईसोबत.

आपलं प्रेम पुरुषावर आहे हे उघड सांगून महापालिकेची निवडणूक लढवणारा आमच्या भागातला तो पहिलाच. मागच्या वेळी पडला तेव्हा चौकातली पोरं ओरडली, "भाऊ, आता साडी नेसून फिरा!" तो म्हणाला, "नेसतो की. आधी तुमच्या गल्लीत पाणी येऊ द्या, मग निऱ्या तुम्हीच घालून द्या." पोरंच हसली. त्यातली दोघं या वेळी त्याच्या प्रचारात होती.

पदयात्रेच्या चौथ्या दिवशी त्याच्या तळपायाला मुंग्या आल्या. उमेदवाराचे पाय दुखणारच, असं आम्ही समजलो. दोन दिवस मी तेल चोळत बसलो. ही माझी चूक. तुमच्या घरात कुणाच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या, त्या वर चढायला लागल्या, पायांतला जोर गेला, तर तेलाची बाटली ठेवा आणि दवाखाना गाठा. सहाव्या दिवशी एका दारात औक्षणाचं ताट पुढं आलं आणि मंगेशचे गुडघे दुमडले. त्याला रिक्षात उचलून ठेवावं लागलं.

दोन तपासण्या झाल्या. नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसांतून करंट नीट जातो का ते बघणं. लंबर पंक्चर, म्हणजे कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढणं. पंधरा दिवसांपूर्वी त्याला जुलाब झाले होते, सुरुवात तिथूनच असावी, असं मॅडम म्हणाल्या. मग आयव्हीआयजी सुरू झालं. दुसऱ्यांनी दिलेल्या रक्तातून काढलेलं औषध, पाच दिवस सलाइनमधून. ते रक्त देणारे कोण होते मला ठाऊक नाही. रोज त्यांना हात जोडतो.

आयसीयूत मॅडम रोज त्याला म्हणायच्या, "एकदा श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा." पहिल्या दिवशी तो चौदापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी अकरा. "याच्या खाली गेलं तर व्हेंटिलेटर लागेल," मॅडम म्हणाल्या. म्हणजे श्वास मशीननं द्यायचा. मी बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसलो.

आई तिथंच होती. म्हणाली, "बाला, प्रचार का थांबलाय?"

"उमेदवारच आत आहे, आई."

"उमेदवार आजारी पडला तर घरचं माणूस दारोदार हात जोडतं. आमच्यात अशीच रीत हाय. मंगेशच्या घरचं माणूस कोण?"

मी नेहमी पदयात्रेच्या मागच्या टोकाला, पत्रकांची पिशवी घेऊन चालायचो. म्हटलं, "मला पुढं बघून मतं जातील."

"जायची ती कवाच गेली. ऊठ. मी बसते हितं."

पहिल्या दारात मी नुसते हात जोडले. ताट घेतलेली बाई माझ्याकडं बघत राहिली. मग कुंकू लावून म्हणाली, "वहिनी म्हणू का भाऊजी?" मागच्या बायका खो खो हसल्या. मी म्हटलं, "बालाजी म्हणा." ती म्हणाली, "बरं बालाजीभाऊ, पेशंट कसाय?" मी आकड्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दारोदारी एकच प्रश्न, "आज किती?" कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या शकीलाभाभी तर नमाजानंतर दुवा मागून गॅलरीतूनच विचारायच्या.

तिसऱ्या दिवशीही अकरा. खाली गेलं नाही, एवढ्यावरच गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मग तेरा. मग एकोणीस. आतून मंगेश म्हणे, "मतं वाढतायत." प्रचाराच्या शेवटच्या दिवशी मी चौकात शिरलो तो "सव्वीस!" असं ओरडतच. शिट्ट्यांनी कानठळ्या बसल्या. भाषण असं मी केलंच नाही.

निकालाच्या दिवशी तो फिजिओथेरपीला होता, दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून उभा. फोन आला. मी म्हटलं, "मंगेश, आलास निवडून!" तो घामाघूम. म्हणाला, "थांब रे, चौथं पाऊल टाकू दे." टाकलं. मगच रडला.

डॉक्टर, सिस्टर, फिजिओवाल्या ताई, सगळ्यांचे उपकार आहेत. सगळेच इतके लवकर उठत नाहीत, काहींना महिने लागतात, हेही मॅडमनी सांगितलंय. धीर सोडू नका. आणि जो आकडा तुम्हाला घाबरवतो तो शेजाऱ्यांना सांगा.

परवा वॉकर घेऊन तो पहिल्यांदा घरून आपल्या वॉर्डात फेरीला निघाला. मी त्याच्या बाजूनंच चालत होतो. तो घाई करायला लागला तशी गॅलरीतून शकीलाभाभींची हाक आली, "नगरसेवक, आहिस्ता! आमचं तुंबलेलं गटार कुठं पळून जात नाही!"