‘चुकलं’ म्हणायच्या ऐवजी शाल

माझी मोटारसायकल जेसीबीखाली गेली त्या दिवशी गेवराईत भाऊंची मिरवणूक होती. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी, कुठल्याशा निवडणुकीत नुकतेच निवडून आलेले. त्यांचं नाव घ्यायची मला इच्छा नाही. चौकाचौकात बॅनरवर लटकलंय तेवढं पुरे.

मी औषधाच्या दुकानात होतो. वाड्या-वस्त्यांवर जाऊन गाई-म्हशींना इंजेक्शनं द्यायची, कृत्रिम रेतन करायचं, हा माझा धंदा, म्हणून लोक मला डॉक्टर म्हणतात. सगळा धंदा त्या गाडीवर. भाऊंवर फुलं उधळायला जेसीबी आणला होता. आमच्याकडं हातानं हार घालणं आता कमीपणाचं झालंय, फुलंसुद्धा यंत्रानं ओतावी लागतात. औषधं घेऊन बाहेर आलो तर दुकानासमोर लावलेली गाडी आडवी पडलेली. हँडल पिळलेलं, दिव्याचा चुरा, टाकी चेपलेली, आणि त्या सगळ्यावर झेंडूच्या पाकळ्या, मेलेल्या माणसावर टाकतात तशा. मिरवणूक पुढच्या चौकात पोचली होती.

समोरच्या चहावाल्याला विचारलं, "कुणी पाडली?"

"म्या पाठमोरा होतो, डॉक्टर."

पानटपरीवाला पाठमोरा होता. औषधाचा दुकानदारही पाठमोरा होता. मिरवणूक बघायला रस्त्याकडं तोंड करून उभा असलेला अख्खा बाजार नेमका त्याच वेळी पाठमोरा झाला होता. भेकड लेकाचे.

पण आमच्या लोकांना एक खोड आहे. काहीही केलं की ते मोबाइलच्या स्टेटसला ठेवल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. संध्याकाळी भाऊंच्याच कार्यकर्त्याच्या स्टेटसला व्हिडिओ सापडला, वर गाणं जोडलेलं; मी तो लगेच उतरवून घेतला. जेसीबी मागं सरकतो, माझी गाडी पडते, चाक तिच्यावर चढतं. उघड्या जीपमध्ये उभे असलेले भाऊ मान वळवून बघतात. नीट बघतात. मग कॅमेऱ्याकडं तोंड करून हात जोडतात आणि जीप पुढं जाते. जेसीबीवाल्यावर माझा राग नव्हता, त्याला मागचं दिसलं नसेल. ज्याला दिसलं त्याच्यावर होता.

ही गाडी मला वडिलांनी अर्धी मेंढरं विकून घेऊन दिली. स्वतः जन्मभर मेंढरांमागं चालले, आष्टीच्या माळापासून गोदावरीच्या काठापर्यंत. आमच्या मेंढपाळांत एक रीत आहे. आपली मेंढरं कुणाच्या उभ्या पिकात शिरली, तर मालक शोधत यायच्या आधी आपणच त्याच्या दारात जायचं आणि चुकलं म्हणायचं. वडिलांनी अशा दारांत शिव्या खाल्ल्यात, एकदा काठीही खाल्लीय, पण ते गेले नाहीत असं झालं नाही. म्हणून मला भरपाई नको होती. गाडी मी माझी दुरुस्त करून घेतली. मला भाऊंच्या तोंडून तो एक शब्द हवा होता, आणि तो वडिलांसमोर.

दोनदा त्यांच्या कार्यालयात गेलो तर ‘भाऊ दौऱ्यावर हायत’. तिसऱ्यांदा वडिलांना मागं बसवून नेलं, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी. या वेळी भाऊ सापडले. मी मोबाइल पुढं केला. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाले, "फुलं लई झ्याक दिसायलीत."

"फुलाखाली माझी गाडी हाय, भाऊ."

"आरारा! बोल, काय पायजे? टाकी? दिवा?"

"गाडी नीट झाली. तुमी बघितलं आन निघून गेलात. आमच्या आबासमोर चुकलं म्हणा, आमी जातो."

भाऊ हसत उठले. "आरं, तू तर आपला माणूस! शाल आणा रे."

कोपऱ्यातलं कपाट उघडलं. वर शालींच्या थप्प्या, खाली नारळ. लग्न, वाढदिवस, भांडण, सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडं हेच औषध. मी नको म्हणेपर्यंत शाल खांद्यावर पडली आणि नारळ हातात आला. आणि तिथं मी माती खाल्ली. शाळेपासून इतके सत्कार बघितलेत, की शाल पडली की आमची मान आपोआप खाली जाते आणि हात जुळतात. माझेही जुळले, नारळासकट. कार्यकर्त्यांचे मोबाइल तयारच होते.

दुसरी शाल वडिलांकडं निघाली. त्यांनी काठी आडवी धरली. "मला घोंगडी हाय," म्हणाले आणि बाहेर पडले.

पेट्रोल पंपावर थांबलो तोवर फोटो स्टेटसला आलाही होता. खाली लिहिलेलं, ‘आपल्या स्नेह्याचा यथोचित सन्मान’. भाऊ दिलखुलास हसतायत, आणि मी, ज्याची गाडी चिरडली तो, त्यांच्यापुढं वाकलेला. फोन आपटावासा वाटला. वडिलांना न दाखवता खिशात टाकला.

गावाच्या फाट्यावर वडील मागून म्हणाले, "त्यो चुकलं म्हणला का रं?"

"न्हाई, आबा."

"मंग तू हात कशाला जोडलेस?"

 

ती शाल मी गाडी पुसायला घेतली. तिच्यानं धड चिखलही निघत नाही. गावात आता कुणाचाही सत्कार असो, समोर शाल उघडली की मी दोन्ही हात खिशात घालतो. लोक म्हणतात, डॉक्टरला लई गुर्मी आलीय. म्हणू देत. माझ्या हातांचा मला भरवसा राहिलेला नाही.