मधली निरी

फ्रँकफर्टहून निघालेली गाडी वोल्फ्सबुर्गला थांबली तेव्हा आधी दिसली ती कालव्यापलीकडच्या कारखान्याची चार उंच धुराडी, आणि मग प्लॅटफॉर्मवर हात हलवणाऱ्या माझ्या नणंदबाई. सुलभाताई माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. तीसेक वर्षांपूर्वी डीटर नावाच्या जर्मन इंजिनिअरशी लग्न करून त्या इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. मूलबाळ नाही. डीटर वारल्यापासून पुण्यात आमच्याकडे एकच विषय होता, ताईला परत आणायचं. या खेपेला ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. "तू बायकांच्या पद्धतीने सांग, ती ऐकेल," असं हे म्हणाले होते. बायकांची पद्धत म्हणजे काय हे त्यांनाही ठाऊक नसणार, पण मी मान डोलावली होती.

बॅगेत भडंग होतं, गोडा मसाला होता आणि माझा सुईदोऱ्याचा डबा होता. हा डबा मी कुठेही गेले तरी नेते. आमच्या नात्यात कुणाचाही पदर उसवो, ब्लाऊज घट्ट होवो, तो माझ्याकडे येतो. माझा टाका दिसत नाही अशी माझी ख्याती आहे, आणि ती ऐकायला मला आवडते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

वोल्फ्सबुर्ग हे शांत गाव आहे. इतकं शांत की पहिल्या दोन दिवसांत रस्त्यावर माणसांपेक्षा गाड्याच जास्त भेटल्या. रविवारी सकाळी मी हौसेने मिक्सरवर चटणी वाटायला घेतली तर पाचव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरचे आजोबा दारात. ताईंनी त्यांची माफी मागून दार लावलं आणि म्हणाल्या, "विद्या, रविवारी रूहेत्साईट (शांततेची वेळ) असते. आपलं चुकलं." उरलेली चटणी मी खलबत्त्याशिवाय, लाटण्याने ठेचली. बरी झाली होती.

ताईंच्या दिवाणखान्यात डीटरच्या फोटोशेजारी आणखी एक फोटो होता. एका ओळीत उभ्या असलेल्या आठ-दहा गोऱ्या बायका, बहुतेक सगळ्या साठीच्या पुढेमागे. सगळ्यांनी गुडघ्यापर्यंतचे, चौकड्यांच्या लोकरी कापडाचे घागरे नेसलेले. आपल्या सोलापुरी चादरीवर असतात तशा चौकड्या. कडेला उभ्या असलेल्या सावळ्या बाई आमच्या ताई. त्या तेवढ्या साध्या स्कर्टमध्ये होत्या.

"ताई, हे काय?"

"आल्झो (तर), हा किल्ट. स्कॉटलंडचा. तिथे तो पुरुष घालतात, पण आम्ही आमचे शिवतो आणि आम्हीच घालतो. दर गुरुवारी तिकडचे नाच करतो. माझा किल्ट आत्ता झालाय. दोन आठवड्यांनी शनिवारी पहिल्यांदा नेसायचा."

"बघू तरी."

"नाही हं. आधी दाखवायचा नसतो."

गुरुवारी त्या मला शाळेच्या टुर्नहालेत (व्यायामशाळेत) घेऊन गेल्या. मी भिंतीकडेच्या बाकावर बसले. बायका मोकळ्या गुडघ्यांनी, टाचा उचलून, एकमेकींचे हात धरत आणि सोडत नाचत होत्या, आणि त्यांच्यात आमच्या ताई. साठी उलटलेल्या, विधवा, कपाळावर घामाने चिकटलेले पांढरे केस. मला खरंच लाज वाटली. आपल्याकडचं कुणी बघत नाही ना, म्हणून मी दाराकडे पाहिलंसुद्धा. तिथे कोण येणार होतं देव जाणे. मग मी फोन काढला, थोडा व्हिडिओ घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ताईंची नवी शाळा'. हसणारे चेहरे धडाधड आले. ह्यांनी लिहिलं, 'लवकर घेऊन ये तिला.'

माझ्या बाकावर रेनाटे नावाच्या वयस्कर बाई बसल्या होत्या. गट त्यांनीच सुरू केलेला. आता त्यांना फारसं दिसत नाही, म्हणून त्या नाचत नाहीत, नुसत्या पायाने ताल धरतात. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं. तुमचं स्कॉटलंडशी काय नातं, असं मी विचारलं. विचारण्यात थोडी खोच होती, ती त्यांना कळली असावी.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "तरुणपणी मी तिकडे एका घरी मुलं सांभाळायला होते. एकटी होते. शेजारीण दर गुरुवारी मला नाचायला न्यायची. मग इथे परत आले, तर इथला गुरुवार रिकामा."

मी छान छान म्हटलं आणि विषय सोडून दिला.

ताई अजून इथल्या ग्रंथालयात अर्धा दिवस काम करतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्यावर मी त्यांचं कपाट उघडलं. नुसतं बघायचं होतं. कव्हरची चेन खाली केली आणि तो किल्ट बाहेर काढला. गडद निळा आणि हिरवा, मधून एक बारीक पिवळी रेघ. उंची लोकर, चांगलं आठ वार कापड. आपल्या नऊवारीला एकच वार कमी. पुढून सपाट आणि पाठीमागे निऱ्याच निऱ्या, कमरेपासून खाली वीतभर हाताने शिवून पक्क्या केलेल्या. पण काय ते शिवण. एका निरीला घट्ट टाका तर शेजारच्या निरीला सैल. एक बारीक, एक तिरका, एकीत दोरा मध्येच संपून गाठ वर आलेली. आणि बरोब्बर मधल्या निरीला तर चक्क जाड, पांढरट दोरा, गोणपाट शिवावं तसे लांब लांब टाके. कुठल्या शिंप्याने हे पाप केलं, असं मनात आलं. ताईंना दिसलं कसं नाही, की त्यांना बोलता आलं नाही? एवढ्या महाग कापडाचं वाटोळं करून चारचौघांत पाठ दाखवत नाचायचं?

मी डबा उघडला. आधी ती मधली निरीच उसवली, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. मग बाकीच्या. चौकडीत जिथे निळं तिथे निळा दोरा, हिरवं तिथे हिरवा. पुढचा आठवडाभर ताई कामावर गेल्या की मी खिडकीशी बसायचे, त्या यायच्या आत किल्ट कव्हरमध्ये परत. शेवटची निरी झाली तेव्हा मी तो उजेडात धरून पाहिला. एकाच चौकडीचं सलग कापड असावं तशी पाठ दिसत होती. इतकं मन लावून मी कित्येक दिवसांत काही शिवलं नव्हतं. उसवलेले दोरे गोळा करून रेस्टम्युलच्या (ज्याचं पुढे काही होत नाही अशा कचऱ्याच्या) डब्यात टाकले. डबे वेगळे करण्यात तेवढं मी चुकले नाही.

ठरलेल्या शनिवारी हँगर गाडीत टांगून आम्ही गटाच्या नाचाच्या कार्यक्रमाला निघालो. तासाभराच्या वाटेवर गव्हाची शेतं, पवनचक्क्या, रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीची टपरी. एका खेड्याबाहेरच्या कुरणावर पांढरा तंबू होता, लाकडी बाकं होती, बटाट्याचं सॅलड होतं आणि हाइके नावाच्या बाईंनी भाजलेली स्कॉटिश बिस्किटं, चवीला अगदी बिनवेलचीची नानकटाई. एक बाई बॅगपाइप फुंकत होत्या. सनईवाल्याने सूर लागायच्या आधी काढावा तसा आवाज पहिल्यांदा आला, नंतर मात्र गोड वाटायला लागला. मी दोन नानकटाया खाल्ल्या. मला ताईंच्या चेहऱ्याची घाई झाली होती.

ताई तंबूतून किल्ट नेसून आल्या. नेसून हाच शब्द बरोबर, कारण तो गुंडाळायचाच असतो. त्या सगळ्यांकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि मान वळवून मला म्हणाल्या, "विद्या, आता बघ हं. नव्या बाईच्या निऱ्या बाकीच्यांनी वाटून शिवायच्या असतात. इथली प्रत्येक जण माझ्यासाठी शिवायला बसलीय. आता प्रत्येक जण आपला टाका शोधून त्यावर बोट ठेवणार. सगळ्यांची बोटं लागली की मग तो माझा."

तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्या हातात बिस्किटाची डिश होती, ती मी घट्ट धरून उभी राहिले.

पहिल्या हाइके आल्या. वाकल्या, हसल्या, चष्मा आणायला पर्सकडे गेल्या, परत वाकल्या. वर आलेली ती गाठ त्यांचीच असावी, ती त्या शोधत होत्या. मग दुसरी आली, तिसरी आली. आधी हसणं होतं, मग हलकं बोलणं, मग तेही थांबलं. शेवटी कुणीतरी रेनाटेंना हात धरून आणलं. त्यांना बघायचं नव्हतंच. त्यांनी बोटं मधल्या निरीवर ठेवली आणि वरून खाली, खालून वर फिरवली. पुन्हा फिरवली. शेजारची निरी चाचपली आणि परत मधल्या निरीवर आल्या.

"ग्लाट (गुळगुळीत)," त्या म्हणाल्या. मग ताईंना काहीतरी विचारलं. ताईंचा आवाज चढला आणि तोंडून मराठीच निघालं, "हो, हाच. दुसरा कुठला असणार?"

"ताई," मी म्हणाले, "ते मी उसवलं. सगळं. टाके नीट नव्हते, म्हणून मी परत घातले."

ताई वळल्या नाहीत. पाठ करून तशाच उभ्या राहिल्या. मग माझं वाक्य त्यांनी जर्मनमध्ये सगळ्यांना सांगितलं, सावकाश, एकही शब्द न गाळता. मला त्यातला माझ्यापुरता शब्द तेवढा कळला, श्वेगरिन (भावजय).

कुणीतरी रागवायला हवं होतं. कुणी रागावलं नाही. हाइकेंनी पुन्हा वाकून निरी पाहिली आणि काहीतरी पुटपुटल्या. ताई म्हणाल्या, "ती म्हणते, फार सुंदर शिवलंय." आयुष्यभर ज्या वाक्याची मी वाट पाहत आले ते वाक्य, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. कुणीतरी विचारलं, जुने दोरे आहेत का. काल कचऱ्याची गाडी येऊन गेली, हेही मलाच सांगावं लागलं आणि ताईंनाच जर्मनमध्ये.

नाच ठरल्याप्रमाणे झाला. मी बाकावर बसले. रेनाटे चाचपडत आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या.

"माझा टाका वाईट होता का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

खोटं बोलावंसं वाटत होतं. पण तेवढी हिंमतही उरली नव्हती. "लांब होता," मी म्हणाले. "आणि दोरा जाड."

"हो. बारीक दोरा मला बोटाला कळत नाही." त्यांनी पायाने ताल धरला. "डीटर गेल्यावर सुलभा कुणाशी बोलत नव्हती. मी तिला म्हटलं, मला सुईत दोरा ओवून दे. ती ओवून द्यायची आणि बसायची. मग बोलायला लागली. ती एक निरी मी एका बैठकीत संपवली असती. पण ती बोलत होती, म्हणून मी हिवाळाभर शिवत राहिले."

समोर ताई नाचत होत्या. किल्ट सुंदर झुलत होता. मला त्याच्याकडे बघवेना. पहिल्यांदा त्यांच्या गुडघ्यांची लाज वाटली होती त्याचीही आता लाज वाटत होती, आणि त्या व्हिडिओखाली लिहिलेल्या ओळीची तर सर्वांत जास्त.

परतताना पवनचक्क्या मागे पडल्यावर ताई म्हणाल्या, "तुला आमच्या शेखरने पाठवलंय ना? मला न्यायला."

"हो."

"वाटलंच मला." त्यांनी वायपर उगाच एकदा फिरवला. "तुम्ही प्रेमानेच करताय ग सगळं. मला कळतं. पण तिथे आले की तुम्ही माझं सगळं असंच नीट करून टाकाल."

घरी आल्यावर मी विचारलं, "ताई, मी परत उसवून देऊ का? त्या पुन्हा घालतील."

"त्या घालतील. रेनाटेला आता सुई धरता येत नाही." त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. "तू आता कशाला हात लावू नकोस." आवाजात राग नव्हता. मी चहा घेतला. साखर बरोबर माझ्या मापाची होती.

उरलेले दिवस आम्ही नीट काढले. बाजारात गेलो, कालव्याकाठी फिरलो, त्यांनी मला शुपन्युडेल्न (बटाट्याच्या बोटभर शेवया) करायला शिकवलं. गुरुवारी त्या टुर्नहालेला निघाल्या तेव्हा मला ये म्हणाल्या. मी गेले नाही. स्टेशनवर त्यांनी मला जवळ घेतलं आणि माझी बॅग डब्यात चढवून दिली. धुराडी दिसेनाशी होईपर्यंत मी खिडकीशी उभी होते.

पुण्यात त्याच रविवारी सगळे जेवायला आले, दीर, जाऊ, त्यांची सून. ग्रुपवरचा व्हिडिओ मी विमानतळावरच काढून टाकला होता, पण तो सगळ्यांनी आधीच पाहिलेला. पानं वाढून झाल्यावर ह्यांनी विचारलं, "मग? कधी येतेय ताई?"

"मी विचारलं नाही," मी म्हणाले. "तुम्हीही विचारू नका."

वातावरण हलकं करायला म्हणून ह्यांनी फोन काढला. शनिवारी तंबूजवळ ताईंच्या पाठीचा एक फोटो मी आधीच पाठवून बसले होते, बायका वाकून बघायच्या आधी, घाईघाईने, 'मी शिवलाय' असं लिहून, शाबासकीच्या आशेने. तो त्यांनी सगळ्यांना दाखवला. "बघा, तिकडे जाऊन हिने ताईचा अख्खा घागरा हाताने शिवून दिला. जर्मन बायका बघत राहिल्या."

फोन हातोहात फिरला. जाऊबाईंनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, मधल्या निरीवर आणून थांबवला आणि म्हणाल्या, "कमाल आहे हो विद्या तुमची. एकही टाका दिसत नाही."

"नाही," मी म्हणाले. "एकही दिसत नाही."