शेजारणीची सुकट

मुलांनो, ही गोष्ट मी तुमच्या बाबालाही कधी सांगितलेली नाही. लिहायला बसते, आणि उठून काहीतरी आवरत सुटते. आज लिहितेच.

आजोबांना पहिला हार्ट अ‍ॅटॅक आला. ते घरी आल्यावर आम्ही ठरवलं — जेवण एकच, दोघांचंही कमी मिठाचं. लोणचं, पापड, सुकट, म्हणजे ती वाळवलेली बारीक कोळंबी — घरात आणायचीच नाही. संध्याकाळी दोघांनी मिळून चालायचं. ठरवलं अर्थात मी. त्यांनी नुसती मान हलवली आणि अळणी आमटी मुकाट्याने जेवू लागले.

मग मोडलं कोणी?

मला सुकटीशिवाय घास उतरेना. एका संध्याकाळी गुडघे दुखतात म्हणून खोटंच सांगितलं. त्यांना एकट्याला चालायला पाठवलं आणि आगाशी गावच्या बाजारातून लपवून आणलेली सुकट तव्यावर भाजली. ओट्याशी उभ्यानेच खाल्ली. खिडक्या उघडल्या — पण तो वास जातोय कुठे?

ते आले, दारातच थबकले. "काय गो, शेजारणीने सुकट भाजलीय वाटतं?"

"हो," मी म्हटलं.

"मग तिला म्हणावं, चमचाभर इकडेही दे. म्हातारा दुवा देईल."

तेव्हाच ती फेकून द्यायला हवी होती, नाही का? मी त्यांना वाढली. का? तेही खाऊ लागले की माझी चोरी चोरी राहत नव्हती — म्हणून. मग ते नेहमीचंच झालं. चालणंही सुटलं. माझ्या त्या खोट्या गुडघ्यांसाठी तेही घरी बसू लागले.

दुसरा अ‍ॅटॅक आला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, पथ्य पाळत होते का? तुमचा बाबा माझ्या शेजारी उभा होता. मी म्हटलं — "कुठलं! ऐकतच नव्हते. बाहेर जाऊन चोरून खायचे."

त्यातून ते उठले नाहीत. आणि बाबाने माझं म्हणणं खरं मानलं. व्हिडिओ कॉलवर तुमच्या हातात चिप्सचं पाकीट दिसलं की तो ओरडतो — आजोबांसारखं करू नका! तेव्हा पडद्यावर मीही असते.

सुकटीनेच ते गेले का? मला माहीत नाही. पण आजोबांनी बाहेर काही खाल्लं नाही. चोरूनही खाल्लं नाही. जे खाल्लं, ते मी वाढलेलं.