एकच शब्द उरला, तोही आमेन

"अफेजिया," डॉक्टर म्हणाले, आणि मी म्हटलं, "मग गोळी कोणती त्याच्यावर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मेंदूचे डॉक्टर, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. "याला गोळी नाही हो काकू. काकांच्या मेंदूत डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. तिथंच बोलण्याची जागा असते, ती दुखावलीय. त्यांना समजतंय बरंचसं. मनात बोलणं तयार असतं, पण ते तोंडापर्यंत येत नाही. यालाच अफेजिया म्हणतात."

"मग कधी येईल?"

"थोडं येईल. पूर्वीसारखं येईलच असं सांगता येत नाही."

मी आयसीयूच्या काचेतून आत बघितलं. हे डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. सत्तावीस वर्षांचा संसार आमचा, आणि हा माणूस बोलल्याशिवाय कधी घासही गिळायचा नाही. मला वाटलं, डॉक्टरांनी दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट वाचला.

ज्यांच्या घरी हे दुखणं येईल त्यांच्यासाठी मी हे लिहितेय, म्हणून सुरुवात कशी झाली तेही सांगते. रविवारची सकाळ होती. उपासनेला जायची घाई. आमचे हे, प्रभाकर, मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बाजाची पेटी वाजवायचे. पेटीला गवसणी घालून झाली आणि मी चहाचा कप हातात दिला, तर तो उजव्या हातातून सुटून फरशीवर. मी तोंडाची फटकळ. "अहो, लक्ष कुठंय तुमचं?" म्हणून ओरडले. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, ते एका बाजूला गेलं आणि नुसता घरघर आवाज आला.

शेजारच्या काकू कांदा फोडून हुंगवायला घेऊन आल्या. मी म्हटलं, "काकू, कांदा राहू द्या, रिक्षा बघा आधी." तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही दिसलं तर कुणाचं ऐकत बसू नका. सीटी स्कॅन असेल त्या दवाखान्यात थेट जा. त्रास कधी सुरू झाला हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, ते लक्षात ठेवा.

आयसीयूतून वॉर्डात आणलं तेव्हा आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, भेटायला आले. त्यांनी कॉटजवळ उभं राहून प्रार्थना केली. शेवटाला आले, आणि यांच्या तोंडातून स्वच्छ, खणखणीत शब्द आला. "आमेन."

मी तर किंचाळलेच. पाळकसाहेबांचे डोळे भरले. पलीकडच्या कॉटवरच्या फुलंब्रीच्या आजीसुद्धा उठून बसल्या. "बोलले व्हय? लई चांगलं झालं गं बाई," म्हणाल्या.

थोड्या वेळानं सिस्टर आली. "काका, चहा घेणार?"

"आमेन."

"दुखतंय का कुठं?"

"आमेन."

"उद्या डिस्चार्ज नको ना इतक्यात?"

"आमेन," हे म्हणाले आणि वैतागून तोंड भिंतीकडं केलं.

स्पीच थेरपिस्ट मॅडमनी मला नीट समजावलं. याला रिकरिंग अटरन्स म्हणतात. मेंदूत एखादाच शब्द शाबूत राहतो आणि दुसरं काहीही बोलायला गेलं की तोच बाहेर पडतो. माणसाला म्हणायचं असतं एक, येतं दुसरंच. "काही पेशंटच्या तोंडी नुसती शिवी राहते," मॅडम म्हणाल्या. "तुमचं त्या मानानं बरंय." दवाखान्यात मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

घरी गारखेड्याला आलो. फिजिओथेरपी सुरू झाली, उजवा पाय काठीच्या आधारानं टेकायला लागला. उजवा हात मात्र मांडीवर पडून असायचा. मंडळीतली माणसं भेटायला यायची आणि यांचं आमेन ऐकून गहिवरून जायची. "वाचा गेली, पण प्रभूला सोडलं नाही बघा प्रभाकरभाऊंनी!" मी मान डोलवायची. मला ठाऊक होतं, मघाचं आमेन हे वरणात मीठ जास्त पडल्याचं होतं.

मी दुभाषी झाले. ते आमेन म्हणायचे आणि मी सांगायची, त्यांना पाणी पाहिजे, त्यांना आडवं व्हायचंय. डावा हात छातीसमोर पुढंमागं हलवून आमेन म्हणाले की मी उठून पंखा लावायची. हे तर दिवसातून कितीदा तरी चालायचं. लोक म्हणायचे, नवऱ्याच्या मनातलं किती ओळखते ही!

पण खरं सांगू का? मला कामापुरतं बोलणं नको होतं. मला त्यांचा सलाम पाहिजे होता.

आम्हा ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर सलाम म्हणतात. हे वाळूजच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचे. संध्याकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर सोडायची. घरी आले की दारातच उभं राहून, हात कपाळाला लावून, "सलाम, बाईसाहेब!" आत येऊन पाणीसुद्धा नंतर. मी गॅससमोरून मान न वळवता म्हणायची, "सलाम, सलाम. चपला बाहेर काढा." सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी संध्याकाळचा सलाम चुकायचा नाही. फक्त तो जरा हळू असायचा, आणि मग मला कळायचं की गडी नमला.

माझ्या मोबाइलमध्ये त्यांचा एक व्हॉइस मेसेज राहिलाय. "अगं, कोथिंबीर आणू का? बरी दिसतेय इथं." एवढाच. कुकर लावला की मी तो ऐकायची. शिट्टीच्या आवाजात रडलं तर बाहेर ऐकू जात नाही. माणूस पलीकडच्या खोलीत बसलेला, जेवलेला, औषध घेतलेला, आणि मला त्याची आठवण यायची. हे कुणाला सांगणार? लोक म्हणतील, नवरा वाचला त्याचे आभार मान. मानतच होते हो. तरी आठवण यायची.

मग ते पेटीचं झालं. मंडळीत नाताळच्या गाण्यांची तयारी सुरू व्हायची होती. मंडळीचे पंच घरी आले. मोठे पंच अदबीनं म्हणाले, "प्रभाकरभाऊ, तुम्ही बरे होईपर्यंत पेटी शालिनीबाईंकडं देऊ का? तुमची मर्जी असेल तरच बरं का." शालिनीबाई आमच्या गायनमंडळातल्या, हात चांगला त्यांचा.

हे जोरात म्हणाले, "आमेन!"

आमेन म्हणजे 'तसंच होवो', आणि आमच्या लोकांची सवय बघा. एकानं आमेन म्हटलं की सगळे म्हणतात. पंचही म्हणाले, "आमेन!" हे आणखी जोरात, डावा हात हलवून, "आमेन! आमेन!" पंच तर उठूनच उभे राहिले. "काय मोठं मन आहे भाऊंचं!" मी उठून पंखा लावला. पंचांनी पेटी उचलली आणि गेले.

त्यानंतर हे आमेनसुद्धा म्हणेनात. चमचा तोंडाशी नेला तर मान फिरवायचे. फिजिओथेरपिस्ट आला तर पाय उचलायचे नाहीत. रविवारी उपासनेला जायचे कपडे काढून ठेवले, तर हातानं ढकलून दिले. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, "पोस्ट-स्ट्रोक डिप्रेशन असू शकतं. म्हणजे झटक्यानंतरची उदासी. यात मन खचतं, ढोंग नसतं ते." त्यांनी एक गोळी दिली आणि म्हणाले, "दोघंही समुपदेशन घ्या."

मी म्हटलं, समुपदेशन भांडणाऱ्या जोडप्यांना. भांडायला दोघांना बोलता यावं लागतं.

पण पाळकसाहेबांनीच सुनंदाताईंचं नाव सांगितलं. त्या समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, आमच्यासारख्याच विश्वासी. मंडळीच्या आवारात एका खोलीत बसतात. नवराबायको, मायलेकी, एकएकटी माणसं, सगळे येतात. खोलीत तीन खुर्च्या, एक पंखा, भिंतीवर साधा लाकडी क्रूस.

मी बसल्याबसल्या विचारलं, "ताई, लोक म्हणतात आमचा विश्वास कमी पडतोय, म्हणून यांना बोलता येत नाही. खरंय का ते?"

"गुठळी विश्वास बघून अडकत नाही," सुनंदाताई म्हणाल्या. "प्रार्थनाही करायची आणि गोळीही घ्यायची. दोन्ही देवाच्याच हातून येतंय." मग यांच्याकडं वळून त्यांनी विचारलं, "दादा, कसं वाटतंय तुम्हाला?"

मी म्हटलं, "त्यांना ना, आजकाल..."

"ताई," त्या मला थांबवून म्हणाल्या, "घरी तुम्ही दुभाषी असाल. इथं नुसती बायको व्हा. मी सांगेपर्यंत काही बोलायचं नाही. पाणी प्या वाटल्यास."

मला राग आला. मी गप्प बसले, पण कशी ते माझं मला माहीत.

सुनंदाताई घाई न करता यांच्याकडं बघत बसल्या. मग यांनी डावा हात उचलला आणि छातीसमोर पुढंमागं हलवला. "आमेन." किती दिवसांनी!

मी पंखा लावायला उठले. सुनंदाताईंनी हातानंच खाली बसवलं. यांनी पुन्हा हात हलवला. आता माझ्याकडं बघून, चिडून. "आमेन!" मग तोच डावा हात त्यांनी लुळ्या उजव्या हाताखाली घातला, तो उचलून गुडघ्यावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून दाबली. आणि घशातल्या घशात गुणगुणले. शब्द नाहीत, नुसती चाल. दर नाताळला वाजवायचे तीच.

"अगं बाई! पेटी!" मी ओरडले. "भाता मारतायत हो ते!"

डाव्या हातानं भाता, उजव्या हातानं सूर. इतकी वर्षं डोळ्यांसमोर बघितलेलं. आणि मी थंडीतसुद्धा पंखा लावत होते! बिचारे शाल गुंडाळून त्याच्याखाली बसायचे. मला हसूही येईना आणि रडूही आवरेना. यांनी मान हलवली, हो, हो, हो, आणि लहान मुलासारखे रडले.

सुनंदाताई म्हणाल्या, "आता पंचांना हाच प्रश्न परत विचारायला सांगू. पण उत्तर शब्दात घ्यायचं नाही." स्पीच थेरपिस्टनं शिकवलेलंच होतं, मीच दुभाषीपणाच्या घाईत वापरलं नव्हतं: हो असेल तर अंगठा वर, नाही असेल तर खाली. पंच शालिनीबाईंना घेऊन आले, वरमले, विचारलं. यांचा अंगठा तडक खाली. मग यांनी भाता मारून दाखवला आणि शालिनीबाईंकडं बोट केलं. आता पेटीवर दोघं बसतात. सूर त्यांचा, भाता यांचा. वारा कमीजास्त झाला की शालिनीबाई डोळे वटारतात, आणि हे मुद्दाम करतात.

समुपदेशन आम्ही सोडलं नाही. पुढं एकदा सुनंदाताईंनी मला विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त आठवण कशाची येते? माझ्याकडं नाही, दादांकडं बघून सांगा."

मी आजवर त्यांच्यासमोर हे बोलले नव्हते. त्यांना वाईट वाटेल म्हणून. त्या दिवशी बोलले. दारातला सलाम, कपाळावरचा हात, कोथिंबिरीचा मेसेज, कुकरची शिट्टी, सगळं. "तुम्ही घरात असता आणि मी तुमची वाट बघते," म्हटलं. "मला तुमचा आवाज पाहिजे हो."

ते ऐकत राहिले. मग काठी घेऊन उठले आणि खोलीच्या बाहेर निघून गेले. दार लावलं.

"दुखावले ते," म्हणत मी उठायला लागले. सुनंदाताई म्हणाल्या, "बसा. त्यांचं बोलणं चाललंय."

दारावर टकटक झाली. दार उघडलं. हे उंबऱ्यात उभे होते. काठी भिंतीला टेकवलेली. त्यांनी सावकाश डावा हात कपाळाला लावला आणि म्हणाले, "आमेन."

चाल सलामची होती. सुरुवातीला जरा ओढलेली, शेवटाला उचललेली, अगदी तीच. आजारपणात हे दारातून आत आलेच नव्हते कधी, म्हणजे एकटे, माझ्याकडं. मीच त्यांना धरून आणत होते आणि धरून नेत होते. सलाम करायला माणसाला आधी बाहेर जावं लागतं. मी तोंडावर पदर धरून नुसती रडत राहिले.

त्यांची वाचा परत आलेली नाही. येईल असं मी आता कुणाला सांगत नाही, देवालाही तगादा लावत नाही. तो मेसेज मी अजून ऐकते आणि अजून रडू येतं. तुमच्या घरचं माणूस असं अडकलं असेल तर थेरपी सोडू नका, प्रार्थना सोडू नका, आणि त्याच्या वतीनं उत्तर द्यायची घाई करू नका. डॉक्टरांचे, मॅडमचे, सुनंदाताईंचे उपकार आहेत. माझ्यासारख्या बाईला गप्प बसवलं, हे काय कमी झालं!

रोज संध्याकाळी आता हे काठी घेऊन बाहेर पडतात. कंपनीची बस थांबायची त्या कोपऱ्यापर्यंत एकटे जातात आणि तिथून वळून घरी येतात. मी गॅससमोर असते. दारात काठीचा आवाज थांबतो.

"आमेन."

"सलाम, सलाम," मी म्हणते. "चपला बाहेर काढा."