छंदाच्या रकान्यातली प्रियंका

देवरावची प्रियंका दिग्रसला बापाच्या दुकानात पाण्याच्या मोटारी भरते. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची, व्हार्निश मारायचं. वय सतरा. पोरीचा हात आपल्यापेक्षा साफ चालतो, हे देवराव स्वतः सांगतो, पण गिऱ्हाइकासमोर नाही. कारण गिऱ्हाईक म्हणतं, "पोरीनं भरली असंन तं नको, देवराव." म्हणून ती आत बसून भरते आणि तो बाहेर आणून देतो.

मी विमल. दुकानासमोरचं वाचनालय सांभाळते. आमच्याकडे मुलींचं एक मासिक येतं. मुखपृष्ठावर दर महिन्याला तीच ती गोरीपान पोरगी, आत पुटकुळ्या घालवा आणि कंबर कमी करा. आमच्या पोरी सायकलीनं दहा किलोमीटर शाळेत जातात, त्यांना कंबरेचं काय सांगता? तरी मेल्या नंबर लावून वाचतात.

त्यात 'आमची मैत्रीण' म्हणून एक पान असतं. वाचक मुलीचा फोटो आणि माहिती. तिथं यायचं, असं प्रियंकानं घेतलं मनावर. देवराव म्हणाला, "मोटारवाली म्हणून छापून आली तं पाटीवर तुयं नाव टाकतो. छापलेलं लोक मानतात."

अंकातल्या फॉर्मवर आवडता रंग, आवडता पदार्थ, छंद, एवढेच रकाने. पोरीला काय येतं हे विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं. प्रियंकानं 'छंद' खोडून 'काम' केलं, मोटारीचं सगळं लिहिलं, मोटारीजवळ बसलेला फोटो लावला आणि पोस्टात टाकायला माझ्याकडे दिला.

तीन महिन्यांनी पान आलं. फोटोतली मोटार कापलेली, चेहरा गोरा केलेला. खाली छापलं होतं, 'छंद : मेंदी व रांगोळी'. देवरावनं पेंटर सांगून ठेवला होता, त्याला परत पाठवलं. प्रियंका दोन दिवस दुकानात फिरकली नाही. माझं डोकं असं सणकलं की मासिकवाल्यांना चार पानं झाडली. आमच्या पोरी तुम्हाला दिसतच नाहीत का, सगळ्या एका साच्यातून काढता का, असं सगळं. प्रियंकाला वाचून दाखवलं, तेव्हा कुठं ती हसली.

त्यांचं उत्तर आलं. फोटोबद्दल दिलगिरी होती. सोबत फॉर्मची झेरॉक्स होती, आणि अक्षर माझं होतं.

वीस वर्षं मी गावातल्या पोरींचे फॉर्म आणि लग्नाचे बायोडाटे सुवाच्य उतरवून देते. प्रियंकाच्या फॉर्मवर व्हार्निशचे डाग होते, म्हणून मागच्या अंकातल्या कोऱ्या फॉर्मवर उतरवला. छंदाच्या रकान्याशी आले आणि हात सवयीनं चालला. शंभर बायोडाट्यांत मी तेच लिहिलंय, मेंदी आणि रांगोळी. कुसळ त्यांच्या डोळ्यातलं शोधत बसले, मुसळ माझ्याच डोळ्यात होतं.

कागद लपवता आला असता. पण तसाच घेऊन समोर दुकानात गेले आणि बापलेकीला सगळं सांगितलं. प्रियंकानं हात पुसले, झेरॉक्स वरपासून खालपर्यंत वाचली आणि मला परत दिली.

"मासिकवाल्यायनं मले कधी पाह्यलं नोतं, ताई," ती म्हणाली. "तुमी तं रोज पाह्यता."