आवाज न करणारा कॅमेरा घेऊन बेल्याला

दिवाळीनंतर मी माझा जुना, जड कॅमेरा विकला आणि लहानसा मिररलेस घेतला. लेन्ससकट पर्समध्ये मावतो. आत आरसा नाही, त्यामुळे फोटो काढताना खटका बसत नाही. सायलेंट शटर लावलं तर शेजारी बसलेल्यालाही पत्ता लागत नाही. स्क्रीन वर उचलता येतो, म्हणजे कॅमेरा मांडीवर ठेवून वरून बघत फोटो काढता येतो. माणसाचा चेहरा समोर आला की कॅमेरा आपणहून डोळा शोधून त्यावर फोकसचा चौकोन लावतो. हे सगळं कुठेतरी वापरून बघायचं होतं. वंदना चार वर्षं बोलावत होती, म्हणून तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा ठरला.

वंदना माझी डी.एड.च्या होस्टेलमधली रूममेट. आता बेल्याजवळच्या एका गावात मराठी शाळेवर शिकवते. आई तिच्याजवळच असते.

नागपूरहून सकाळची बस धरा. पांढरकवडा मागे पडला की पैनगंगेचा पूल येतो आणि पाट्या तेलुगू होतात. साडेचार तासांत आदिलाबाद. स्टँडबाहेर गरम इडली खाऊन घ्या, कारण बेल्याच्या बसला वेळ असतो. मी कंडक्टरला तोडक्यामोडक्या हिंदीत विचारत होते. तो म्हणाला, "मराठीत बोला ना बाई, आमी इकडचेच." जाण्याचा सगळा खर्च पाचशेच्या आत.

पहिला दिवस वावरात गेला. कापूस फुटलेला, वेचणी जोरात. इथे एक सल्ला: कापसाच्या वावरात लेन्स बदलू नका. मी बदलली आणि सेन्सरवर तंतू बसला. पुढच्या वीस फोटोंत आकाशात एक केस दिसतोय. आणि दोन बॅटऱ्या जवळ ठेवा. लहान कॅमेऱ्याची बॅटरी लहानच, दुपारीच मान टाकते.

संध्याकाळी वंदनाच्या मायसोबत ओट्यावर बसले. माय म्हणजे सत्तरीची, उंच, ताठ बाई. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करून दोन्ही मुली शिकवल्या. तिच्या चेहऱ्यावर उतरतं ऊन होतं. मी कॅमेरा उचलला.

"माहा नोको काढू वं बाई," ती म्हणाली. रागाने नाही, सहज. "झाडाचा काढ, बैलाचा काढ."

मी "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर चहा घेऊन बसले, कॅमेरा मांडीवर, स्क्रीन वर उचललेला. शटर सायलेंटवर होतं. तिने कशाला तरी हसून मान वर केली, चौकोन तिच्या डोळ्यावर जाऊन बसला आणि मी बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. मी आजवर काढलेला सगळ्यात चांगला फोटो तो.

दुपारी त्याच तुरीच्या दाण्यांचं सोलेवांगं आणि ज्वारीची भाकर झाली. वंदना म्हणाली, "दाखव ना काय काय काढलंस." मी कॅमेरा तिच्या हातात दिला. एवढी मी बेसावध होते. फोटो पुढे सरकवताना ती थांबली. मायने वाकून पाहिलं.

"माहा कवा काढला? आवाज तं नाई आला."

मग माय स्वतःच सांगू लागली. वंदना सातवीत असताना एकाने मायचा फोटो काढला होता, डोक्यावर भारा, खांद्यावर फाटलेलं पोलकं. तो मोठा करून गरिबीवरच्या एका फलकावर लावला, स्टँडसमोर. वर्षभर होता. "पोरी शाळेत जायच्या तं लोकं म्हणायचे, पाहा, हिची माय." मग मला म्हणाली, "तुहा चांगला आला. पण पुसून टाक."

मी तिच्यासमोर पुसला. कॅमेरा तिच्याकडे वळवून, रिकामा स्क्रीन दाखवून. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

एक गोष्ट मी सांगितली नाही. हा कॅमेरा फोटो काढताक्षणी वायफायवरून मोबाइलमध्ये एक प्रत टाकतो. ती प्रत तिथे होती. मला ते पुसताना माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी जैनथला गेलो, जुनं दगडी देऊळ बघायला. बेल्याहून बस, मग ऑटो. देवळाच्या आत उजेड कमी. सायलेंट शटर तिथे बंद करा, ट्यूबलाइटखाली फोटोवर पट्टे येतात. बाहेर चहाच्या टपरीवर वंदनाच्या मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून परतीची बस बघायला तिने माझा घेतला. मी चहा आणायला गेले. परतले तेव्हा तिने मोबाइल बाकावर पालथा ठेवला होता.

"आत्ता पुसते," मी म्हटलं.

"नको. माझ्यासमोर पुसशील. काल मायसमोरही पुसलास." ती रस्त्याकडे बघत होती. "आणखी कुठे आहे, कुठे नाही, हे मला कसं कळणार?"

"वंदना, मी तो कुठेही टाकणार नव्हते गं."

"त्या फलकवाल्यानेही हेच सांगितलं होतं."

आदिलाबाद स्टँडपर्यंत ती आली. माझी बॅग बसमध्ये चढवून दिली आणि बस सुटण्याआधीच वळून गेली.

घरी आल्याच्या रात्रीच मी फोटो सगळीकडून पुसला आणि वंदनाला तसं कळवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. हा लेख लिहितानाही मनात येतं, कॅमेऱ्याने काय केलं? जे सांगितलं ते केलं. त्याला मी गप्प राहायला सांगितलं होतं.

पंधरा दिवसांनी वंदनाला फोन केला. मायने उचलला. आवाज ओळखून खूश झाली.

"ये नं पुन्हा. संक्रांतीले ये. वंदीच्या लई मैतरणी पाहल्या मी, पण नाई म्हटलं का ऐकणारी तूच."

म्हणजे वंदनाने तिला काही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, वंदना आहे का. पलीकडे वंदनाचा आवाज आला, हळू, पण स्पष्ट. मग माय पुन्हा फोनवर आली.

"घरी नाई म्हणून सांग म्हणते वं थे. काय झालं तुमचं?"

"काही नाही," मी म्हटलं.