आपला आज किती मिनिटं खेळला

लिथुआनियातल्या बास्केटबॉलची आमच्या घरमालकीण काकूंनी जेवढी काळजी वाहिली तेवढी खुद्द लिथुआनियातही कोणी वाहिली नसेल. हा देश नकाशावर शोधताना मला दोनदा चष्मा पुसावा लागला होता. काकू मात्र ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या आपल्या स्वयंपाकघरात उभ्या राहून तिथल्या गावागावांतल्या क्लबांची खडान्‌खडा माहिती सांगायच्या. "आपल्याकडे पूर्वी गावोगाव तालीम असायची ना, तसं तिकडे बास्केटबॉलचं. दोन मोठे क्लब आणि बाकीचे त्यांना पोरं वाढवून देणारे. पोरगं जरा चमकलं की मोठा क्लब उचलून नेतो. गावात उरतात म्हातारे आणि दुखरे." काकूंचा क्लब अर्थातच म्हाताऱ्यांचा आणि दुखऱ्यांचा होता. तळ्याकाठच्या एका छोट्या गावातला, आणि गुणतक्त्यात कायम तळाला.

मी मास्टर्स करायला आलो आणि युनिव्हर्सिटीजवळ खोली शोधत काकूंच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी मी काय शिकतो, काय खातो, आवाज किती करतो यातलं काहीच विचारलं नाही. "उंची किती तुझी?" एवढंच विचारलं. पाच फूट सहा म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "असू दे," म्हणाल्या, आणि किल्ली दिली. खोलीत गेल्यावर उलगडा झाला. पलंगाच्या पायथ्याशी लाकडी बाक जोडून तो लांब केलेला होता आणि दाराच्या चौकटीला वरच्या बाजूनं जुनी गोधडी गुंडाळून शिवली होती. माझ्या आधी त्या खोलीत एक लिथुआनियन खेळाडू राहायचा. सात फुटाला दोन बोटं कमी. इथल्या एका छोट्या क्लबाकडून तो एक हंगाम खेळला, गुडघा दुखावल्यावर मायदेशी परतला आणि तळ्याकाठच्या त्या क्लबात दाखल झाला. काकू त्याचं नाव कधी घेत नसत. "आपला" म्हणायच्या. "आज आपला नऊ मिनिटं खेळला."

तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची पहाट. चार वाजता मिक्सर आणि मीठ-मसाल्याचा डबा यांच्या मध्ये लॅपटॉप उभा राहायचा आणि काकू त्याच्यासमोर. सबंध मॅच त्या उभ्यानं बघायच्या. समालोचनातला एक शब्द कळत नसे, तरी आवाज मोठा हवा, कारण "गावातली माणसं ओरडताना ऐकू आली पाहिजेत." आपला मैदानात किती मिनिटं होता ते कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं जाई. क्लब हरला की त्या दिवशी घरात फोडणी नाही. दोन वर्षांत मी जेवढं फिकं वरण खाल्लं तेवढं इथल्या हॉस्पिटलातल्या पेशंटनीही खाल्लं नसेल, आणि हे मी हॉस्पिटलात तीस वर्षं नर्स असलेल्या बाईंच्या घरी राहून सांगतोय. एकदाच, एका मंगळवारी, ते एका गुणानं जिंकले. सकाळी सातच्या आत मला तीन पुरणपोळ्या खाव्या लागल्या. नंतरच्या लेक्चरला मी पहिल्या रांगेत बसून झोपलो.

लिथुआनियन माणसं मुळात आपलीच, असा काकूंचा सिद्धांत होता. "देवाला ते द्येवास म्हणतात. मुलाला सूनुस. आपला संस्कृतातला सूनु. आणखी काय पुरावा पाहिजे?" तिकडे पुरुषाच्या नावाला शेवटी 'स' जोडतात असं कळल्यापासून त्यांनी मलाही नचिकेतस करून टाकलं. पर्थला राहणारा त्यांचा मुलगा महिन्यातून एकदा फोन करी. त्यालाही त्या 'स' लावत. तो म्हणे, "मॉम, प्लीज."

या सगळ्याला मी हसायचो. एक गोष्ट मात्र मला कळत नसे. काकू त्या क्लबाच्या कोचला ईमेल पाठवायच्या. इंग्रजी मजकूर त्या सांगायच्या, मी टाइप करायचो, मग तो मशीनकडून लिथुआनियनमध्ये करून घ्यायचो. चाहते कोचला पत्र लिहितात ते आमच्या माणसाला खेळवा म्हणून. काकूंचं पत्र नेमकं उलटं असे. "बारा नंबर दमलेला दिसतो. त्याला बसवावं." "बारा नंबरला रिबाउंडला उडी मारायला लावू नये." आपला बदली होऊन बाकावर जाऊन बसला की ओट्याला धरलेला त्यांचा हात सुटायचा आणि त्या पुटपुटायच्या, "सुटले." लाडका खेळाडू मैदानाबाहेर असावा म्हणून देव पाण्यात ठेवणारी चाहती मी दुसरी पाहिलेली नाही.

एका दुपारी, बाहेर दोन दिवस पाऊस लागून राहिला होता आणि डोंगर दिसेनासा झाला होता, तेव्हा मी विचारलंच. काकू मटार सोलत होत्या. सोलत सोलतच त्यांनी सांगितलं.

आपला इथे राहत होता त्याच हिवाळ्यात काका गेले. पोलादाच्या कारखान्यात काढलेली वर्षं त्यांच्या छातीत साठली होती. इथे खांदा द्यायला नात्यातलं कोण असणार? मुलगा पर्थहून आला, कारखान्यातले तिघं मित्र आले, शेजारचा एक जण, आणि सहावा हा. शवपेटी खांद्यावर घेतली तेव्हा गोंधळ लक्षात आला. पाच जणांचे खांदे एका उंचीला आणि याचा त्यांच्या डोक्याच्याही वर. पेटी कलंडायला लागली. त्यानं क्षणभर इकडेतिकडे बघितलं आणि गुडघे वाकवले. गाडीपासून स्मशानातल्या हॉलच्या दारापर्यंत लांबलचक चढाचा रस्ता तो तसाच, अर्ध्या बैठकीत, बदकासारखा चालत गेला.

"लोकांना हसू आवरेना," काकू म्हणाल्या. "मलाही. खरं सांगते, मी तोंडाला पदर लावला तो रडू लपवायला नव्हता. हे असते तर सगळ्यात जास्त तेच हसले असते."

मग आठवड्याभरात सरावाला त्याचा गुडघा टम्म सुजला. स्कॅनमध्ये कूर्चा फाटलेली निघाली. हंगाम संपला, करार संपला, तो निघून गेला. कुणाला एका शब्दानं बोलला नाही. जाताना त्यानं पलंगाचा बाक पुसून ठेवला होता.

"तीस वर्षं नर्स होते मी, नचिकेतस. डोळ्यांसमोर तो तसा चालत होता, आणि मी हसत होते."

मी म्हटलं, "काकू, तेवढ्यानं गुडघा जात नाही. आधीच काहीतरी असणार."

"तू सिव्हिलवाला ना? मग पूल सांभाळ," त्या म्हणाल्या आणि सालं उचलून बाहेर गेल्या.

त्यानंतर त्या कॅलेंडरवरच्या आकड्यांकडे मला पूर्वीसारखं बघता येईना.

शिक्षण संपल्यावर मला ब्रिस्बेनकडे नोकरी लागली आणि मी स्प्रिंगफील्ड लेक्सला राहायला गेलो. रविवारी काकूंना फोन करायचो. खुशालीच्या आधी आकडा यायचा. अकरा मिनिटं. सात. चार. एका रविवारी आकडा आला नाही. "क्लब बंद होतोय," काकू म्हणाल्या. "हा शेवटचा हंगाम. मोठ्या क्लबांपुढे टिकत नाही म्हणे. आणि आपला खेळणं सोडतोय." मग म्हणाल्या, "मला तिकीट काढून दे." मुलानं पर्थहून सांगून बघितलं, "मॉम, सीरियसली? तिकडे मायनस टेन आहे." त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या. इतकी वर्षं इथे काढून पुण्याशिवाय दुसरीकडे कुठे गेल्या नव्हत्या. फेब्रुवारीत त्या एकट्या निघाल्या. बॅगेत काकांचा जुना कोट, बेसनाचे लाडू आणि महानारायण तेलाच्या दोन बाटल्या.

सहा दिवसांनी त्या परतल्या तेव्हा मी रजा काढून सिडनीच्या विमानतळावर गेलो. भाड्याची गाडी होती. शहर मागे पडलं. मग त्यांनी आपणहून सुरुवात केली.

आपल्याच्या शेवटच्या मॅचला हॉल अर्धा रिकामा होता. शेजारच्या म्हाताऱ्यानं थर्मासमधला चहा दिला. आपला बाकावर पाय लांब करून बसला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा कोचनं त्याला उठवलं. तो मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा धावला. कुणी त्याच्याकडे चेंडू दिला नाही. मग भोंगा वाजला. ते बऱ्याच गुणांनी हरले होते, आणि तरी तो म्हातारा उभा राहून टाळ्या वाजवत होता, म्हणून काकूही उभ्या राहिल्या.

"बाहेर पॅसेजमध्ये भेटला. आधी ओळखलंच नाही मला. कोट ओळखला. ह्यांचा. मग खाली वाकला आणि बराच वेळ मला सोडेना. घामाचा वास येत होता. मी म्हटलं, तुझा गुडघा माझ्यामुळे गेला, त्याची माफी मागायला आलेय."

"मग?"

"हसला. म्हणाला, छे, गुडघा एकोणिसाव्या वर्षीच संपला होता. क्लबपासून लपवून तुमच्याकडे आलो होतो. तुमचा काही संबंध नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी स्टिअरिंगवर हात आपटला. "बघा, मी सांगत नव्हतो?"

गाडी घाट उतरायला लागली होती. डावीकडे समुद्र, करड्या रंगाचा, ढगांत मिसळलेला. काकू तिकडे बघत होत्या.

"आमच्या घराचा जिना तो दोन दोन पायऱ्या टाकत चढायचा," त्या म्हणाल्या. "हातात वाणसामानाच्या चार पिशव्या घेऊन. एकोणिसाव्या वर्षी गुडघा गेलेला माणूस तसा चढत नाही. मी असले गुडघे रोज बघितलेत."

मी गाडीचा वेग कमी केला.

"म्हणजे खोटं बोलला. माझ्यासाठी बोलला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी पण हसले. म्हटलं, बरं झालं सांगितलंस, इतकी वर्षं उगाच जिवाला लावून घेतलं होतं. त्याचा चेहरा बघायला हवा होतास. एवढा मोठा माणूस, पण ओझं उतरल्यासारखा दिसला. मग लंगडत टॅक्सीपर्यंत सोडायला आला. आता काय करणार, विचारलं, तर म्हणाला, झोपणार."

तो क्लब उन्हाळ्याआधीच बंद झाला. म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याआधी. काकूंना अजून पहाटे चारला जाग येते, आणि आता त्या वेळी करायला काही नसतं. रविवारी मी फोन करतो तेव्हा त्या मला हवामान सांगतात. आज समुद्र खवळलाय. आज डोंगरावरचे ढग खाली आलेत. मी ऐकत राहतो. बोलता बोलता मध्येच त्या "तिकडे बर्फ पडत असेल," असं म्हणतात.